बांधापलीकडची हिरवळ

न्यूयॉर्कच्या उत्तरेस, हडसन नदीच्या पूर्वतीरावर, योंकर्स नावाचे शहर आहे. 1892 साली तेथील पॅलिसेड ॲव्हेन्यू हा रस्ता पुढे वाढविण्यात आला आणि त्या वाढीव रस्त्याची आखणी नेमकी एका जर्मन खाटकाच्या तीस एकर कुरणातून गेली. शहर वाढू लागले म्हणजे असे रस्ते निघायचेच, आणि कुरणांचे मालकही त्याबद्दल फारशी हळहळ करीत बसत नाहीत, कारण कुरणाच्या भावाने घेतलेली जमीन घरांच्या भावाने विकता येते. परंतु या कुरणात चार वर्षांपासून काही प्रौढ गृहस्थ, जमिनीत सहा ठिकाणी खळगे करून, सवडीच्या दिवशी लांब दांड्यांच्या काठ्यांनी एक लहानसा टणक चेंडू त्या खळग्यांत घालण्याचा खेळ खेळत असत. त्यांना मात्र आता जागा सोडणे भाग होते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे त्यांचे सारे चंबूगबाळे काठ्यांबरोबर उचलता येण्याजोगे होते. ते उचलून ते चार गल्ल्या उत्तरेस गेले, चौतीस एकरांच्या एका सफरचंदांच्या बागेत त्यांनी पुन्हा सहा खळगे खणले आणि खेळ पुढे चालू केला. अमेरिकेतील अगदी जुन्या गोल्फ क्लबांपैकी एक असलेल्या सेंट अँड्र्यूज क्लबाचे हे एक स्थलांतर होय.

हे पहिलेही नव्हते आणि शेवटचेही नव्हते. 1888 ते 1897 या अवघ्या नऊ वर्षांत या क्लबाने पाच जागा पाहिल्या. त्या पाचही जागांचा क्रम नीट पाहिला, तर गोल्फ या खेळाचा जमिनीशी असलेला विलक्षण संबंध आपोआप उलगडत जातो: शहर क्लबाला रेटते, आणि क्लब शेताला रेटतो. या साखळीतील पहिल्या दोन कड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्या कडीविषयी, म्हणजे नांगराखालच्या जमिनीविषयी, फार थोडे. मला या प्रकरणात तिच्याविषयीच अधिक सांगावयाचे आहे.

मुळात या खेळाने कोणाचेही शेत घेतले नव्हते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेते यांच्या मध्ये वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा असतो. त्याला तेथे लिंक्स म्हणतात. ही जमीन पिकत नाही. वाळूतून पाणी झरझर झिरपून जाते, वारा सतत वाहतो, गवत उगवते ते बारीक व चिवट, आणि मेंढ्या व ससे ते कुरतडून इतके आखूड ठेवतात की जणू कोणी ते कातरीने कापले असावे. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी पडीक, तीच जमीन खेळणाऱ्याच्या दृष्टीने सर्वोत्तम ठरली, आणि म्हणूनच शतकानुशतके खेळ आणि शेती यांचा परस्परांशी कज्जा असा उद्भवलाच नाही. सेंट अँड्र्यूज गावच्या नागरिकांचा लिंक्सवर खेळण्याचा हक्क 1552 सालच्या आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेत नमूद आहे. त्याच दस्तऐवजात आर्चबिशपांना तेथे ससे पाळण्याची मुभाही आहे. पुढे 1797 साली कर्जबाजारी झालेल्या नगरसभेने ही जमीन विकून टाकली, ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या कब्जात गेली, सशांनी बिळे खणून मैदानाची चाळण केली, आणि ते ससे मारण्याचा गावकऱ्यांना हक्क आहे किंवा नाही या मुद्द्यावर वर्षानुवर्षे फिर्यादी चालल्या. अखेरीस 1821 साली जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली, तेव्हा तेथील खेळ सुरक्षित झाला. हा वाद पुष्कळ कडवट होता, हे खरे. पण तो खेळाडू आणि ससे यांच्यामधला होता. त्यात कोणाचे उभे पीक बुडाले नव्हते.

लोकवस्ती वाढली तशी लिंक्सवरही दाटी झाली. 1744 साली लीथ येथे तेरा नियम लिहून काढणारे एडिंबरोचे गोल्फपटू 1836 मध्ये मसलबरोला गेले आणि तेथेही गर्दी झाल्यावर 1891 मध्ये म्युअरफील्डला. तरीही हे सारे किनाऱ्याकिनाऱ्यानेच झाले. खरा प्रश्न निर्माण झाला तो जेथे लिंक्स मुळात नाहीतच अशा मुलुखात हा खेळ गेला तेव्हा.

योंकर्समध्ये तो नेला जॉन रीड आणि रॉबर्ट लॉकहार्ट या दोघा स्कॉट मित्रांनी. दोघेही डन्फर्मलिनचे. लॉकहार्ट हे लिननच्या कापडाचे व्यापारी. धंद्यानिमित्त स्वदेशी गेले असता 1887 साली त्यांनी सेंट अँड्र्यूजच्या टॉम मॉरिस यांच्या दुकानातून सहा काठ्या आणि गटापर्चा या झाडाच्या वाळलेल्या चिकाचे दोन डझन चेंडू विकत घेतले. 22 फेब्रुवारी 1888 रोजी, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या जन्मदिवसाच्या सुट्टीत, रीड यांच्या घरासमोरच्या गाईंच्या कुरणात तीन होल, म्हणजे खळगे, आखून पहिला डाव झाला. काठ्यांचा एकच संच असल्यामुळे दोघे खेळले आणि बाकीच्यांनी पाहिले. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क परिसरावर भयंकर हिमवादळ आले आणि सारे बर्फाखाली गाडले गेले. ते वितळल्यावर, अधिक ऐसपैस जागा म्हणून, ही मंडळी खाटकाच्या कुरणात शिरली. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला रीड यांच्या घरी भोजनासाठी जमलेल्या मित्रांनी रीतसर क्लब स्थापन केला आणि त्याला त्या स्कॉटिश गावाचे नाव दिले. समुद्र नाही, वाळू नाही, वारा बेताचा. नाव मात्र सेंट अँड्र्यूजचे. आपल्याकडची माणसे परमुलखात गेली की तेथल्या टेकडीवर देऊळ बांधून तिला पर्वती म्हणतील, तशातलाच हा प्रकार, आणि तो मला मनापासून आवडतो.

कुरणातून बागेत आल्यावर खेळाला जमिनीची खरी ओळख पटू लागली. कुरण हे निदान मोकळे असते. बागेत एका रांगेत लावलेली झाडे असतात, आणि सरळ मारलेला चेंडूही फांदीला लागून भलतीकडे जातो. परंतु या मंडळींनी बागेशी असे काही जुळवून घेतले की पुढे त्यांची ओळखच तिच्यावरून पडली. एका मोठ्या सफरचंदाच्या झाडाखाली त्यांनी बैठक मांडली, बुंध्याभोवती बाक बसविला. अंगातले कोट आणि फराळाच्या टोपल्या ते फांद्यांना अडकवीत, आणि खेळ संपल्यावर त्याच सावलीत गप्पांचा फड जमवीत. निराळी इमारत नव्हती, तिची गरजही कोणाला वाटत नव्हती. ‘सफरचंदाच्या झाडाची टोळी’ हे त्यांचे नाव अमेरिकेच्या गोल्फच्या इतिहासात कायमचे राहिले आहे. क्लबाच्या तरुण सभासदांना मात्र हे साधेपण पुरेना. लाँग आयलंडवर शिनेकॉक हिल्स येथे प्रशस्त मैदान आणि स्टॅनफर्ड व्हाइट यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेले क्लबघर उभे राहिले होते. त्याच्यापुढे सहा होलांची बाग म्हणजे पोरखेळ वाटू लागली. 1894 साली क्लब ग्रे ओक्स येथे एका शेतावर गेला. तेथे नऊ होल झाले आणि शेतावरचे जुने घर हेच क्लबघर बनले.

शेत विकत घेतले किंवा भाड्याने घेतले म्हणून ते एका रात्रीत मैदान होत नाही. शेताच्या खुणा बराच काळ जात नाहीत, आणि त्यातली एक खूण तर एका मोठ्या संस्थेच्या जन्माला निमित्त झाली. 1894 च्या सप्टेंबरात ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे अमेरिकेचा हौशी विजेता ठरविण्यासाठी सामना झाला. त्या मैदानात एक दगडी बांध तसाच उभा होता. न्यू इंग्लंडमधील शेतकऱ्यांनी जमीन नांगरताना वर आलेले धोंडे बाजूला काढून पिढ्यान्‌पिढ्या जे बांध रचले त्यांच्यासारखाच तो एक. शिकागोचे चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड हे प्रत्यक्ष सेंट अँड्र्यूज येथे शिकलेले, स्वभावाने तापट, आणि खेळात वाकबगार. त्यांचा चेंडू त्या बांधाशी जाऊन अडकला, दोन फटक्यांचा दंड झाला, आणि ते 188 विरुद्ध 189 अशा एका फटक्याने हरले. दगडी बांध हा गोल्फमधील न्याय्य अडथळाच नव्हे, अशी त्यांनी तक्रार केली. पुढच्याच महिन्यात आपल्या योंकर्सच्या क्लबाने ग्रे ओक्स येथे दुसरा सामना भरविला, त्यातही ते अंतिम फेरीत हरले, आणि त्यांचे समाधान काही झाले नाही. दोन विजेते झाले, अधिकृत मात्र कोणीच नाही. तेव्हा सर्वांना मान्य होईल असा निवाडा देणारी एक मध्यवर्ती संस्था हवी हे पटून 22 डिसेंबर 1894 रोजी पाच क्लबांनी मिळून अमेरिकेची गोल्फ संघटना स्थापन केली. त्या पाचांत सेंट अँड्र्यूज होता आणि मॅकडोनाल्ड यांचा शिकागो क्लबही. एका अज्ञात शेतकऱ्याने धोंड्यावर धोंडा ठेवून रचलेल्या बांधाचा हा एवढा परिणाम.

स्वतः मॅकडोनाल्ड यांनीही त्याच वर्षी आपला क्लब हलवून व्हीटन येथील दोनशे एकरांच्या शेतावर नेला. तेथील होल त्यांनी शेताच्या हद्दीलगत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आखले. त्यांचा स्वतःचा चेंडू उजवीकडे वळत असे, आणि तो या आखणीमुळे मैदानातच पडे. ज्याचा डावीकडे वळे त्याचा मात्र कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या मक्यात जाई, असे सांगतात. त्या मक्याच्या मालकाला याविषयी काय वाटले ते कोणीही लिहून ठेवलेले नाही.

1894 हे साल आपल्याही परिचयाचे आहे, आणि त्याचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षी हिंदुस्थानात भूसंपादनाचा कायदा झाला, जो पुढे सुमारे एकशेवीस वर्षे अमलात राहिला आणि ज्याच्या आधारे धरणे, आगगाड्या, कारखाने आणि शहरे यांच्यासाठी असंख्य गावांची जमीन घेतली गेली. योंकर्समधल्या व्यवहारात सक्ती नव्हती. विकणारा राजी होता, घेणारा राजी होता. आपल्याकडे शेतजमिनीवर असे मैदान करावयाचे म्हटले तर 1948 च्या कूळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही. शिवाय सातबाराचा उतारा, फेरफार आणि बिनशेतीची परवानगी हे सोपस्कार आहेतच. शेत एकदा बिनशेती झाले की ते पुन्हा शेत होत नाही, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी हा कायदा केला. त्याला नुसता कचेरीचा खोळंबा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

शेताचे मैदान करण्यात खरी अडचण असते ती मातीची. लिंक्सची वाळू पाणी धरून ठेवत नाही. शेतातली चांगली माती ते धरून ठेवते, किंबहुना म्हणूनच तिला चांगली म्हणावयाचे. परंतु पिकाच्या दृष्टीने जो गुण तोच हिरवळीच्या दृष्टीने दोष. चिकणमातीवर माणसे चालली की ती दबते, दबलेल्या मातीत हवा खेळत नाही, पावसाचे पाणी वर साचते आणि मुळे कुजतात. शेणखताने पोसलेल्या जमिनीत गवत रानटीपणे वाढते, गांडुळे मातीच्या गोळ्या वर आणून टाकतात, आणि ज्या ग्रीनवरून, म्हणजे खळग्याभोवतीच्या आखूड हिरवळीवरून, चेंडू काचेवरून घरंगळावा तसा गेला पाहिजे तेथे तो ढेकळांवरून उडत जातो. नांगराच्या जुन्या सरी-वरंबे तर पुष्कळ वर्षांनी, सूर्य कलला म्हणजे, गवताखालून पुन्हा दिसू लागतात.

हे प्रश्न शास्त्रीय रीतीने सोडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न आणखी एका स्थलांतरातून झाला. 1898 च्या सुमारास कोबर्न हॅस्केल यांनी रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू काढला. तो जुन्या चेंडूपेक्षा कितीतरी लांब जाऊ लागला आणि जुनी मैदाने एकाएकी आखूड ठरली. फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबालाही जागा बदलावी लागली, आणि त्याने आर्डमोर येथे एक जुने शेत घेतले. माती चिकण, मध्ये दगडाची एक सोडून दिलेली खाण, आणि वापरात असलेले एक शेतघर. आखणीचे काम आले ह्यू विल्सन या विमाव्यवसायातील तरुणाकडे. त्याने तोपर्यंत असे मैदान कधी केले नव्हते. आपल्याला मातीतले कळत नाही हे त्याला कळत होते, आणि हा गुण मी फार मोठा मानतो. 1911 साली त्याने वॉशिंग्टनच्या शेतकी खात्यातील पायपर आणि ओकली या दोघा गवततज्ज्ञांना पत्र लिहिले, मातीचे नमुने पाठविले, कोणते बी पेरावे, चुना किती घालावा, खत कोणते, हे विचारले. उत्तरे आली, पुन्हा प्रश्न गेले, आणि हा पत्रव्यवहार पुढे वर्षानुवर्षे चालला. 1912 च्या सप्टेंबरात मैदान खुले झाले. पायपर आणि ओकली यांनी 1917 साली गोल्फच्या हिरवळीवर एक ग्रंथ लिहिला, आणि 1920 मध्ये गोल्फ संघटनेने हिरवळीच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग काढला. पुढे 1960 साली या संघटनेने ग्रीन बांधण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली तिच्यात खडीचा थर, त्यावर प्रामुख्याने वाळूचा एक फूट जाडीचा थर, आणि त्यावर गवत अशी रचना आहे. याचा अर्थ असा की, अंतर्भागातल्या शेतावर ग्रीन करावयाचे म्हणजे तेथली माती उचलून टाकावयाची आणि तिच्या जागी समुद्रकिनारा आणून ठेवावयाचा. जी जमीन निसर्गाने नापीक म्हणून खेळाला दिली होती, तिची नक्कल सुपीक जमिनीच्या उरावर, गाड्यांच्या गाड्या वाळू ओतून करावी लागते.

राहिली गोष्ट गवताची, आणि ती आपल्या घरची आहे. उष्ण प्रदेशात गोल्फसाठी जे गवत वापरतात ते म्हणजे आपली हरळी. देशावरच्या काळ्या रानात जिने लहानपण काढले आहे अशा कोणत्याही व्यक्तीला हरळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तिच्या गाठीगाठीच्या पांढऱ्या मुळ्या जमिनीत इतक्या खोल जातात की नांगराचा फाळ वरचे वर तोडून पुढे जातो आणि प्रत्येक तुटक्या पेरातून नवे रोप फुटते. आमच्या शेताच्या खालच्या पट्टीत हरळी माजली होती. उन्हाळ्यात माणसे लावून कुदळीने हात-हात खोल खणीत जावे, ढेकळे फोडून मुळ्या निवडाव्या, बांधावर त्यांचे ढीग घालून वाळल्यावर पेटवून द्यावे, आणि एवढे करूनही पहिल्या पावसानंतर मधूनच एक हिरवे टोक वर आलेले पाहून वडिलांनी काही न बोलता तेथे बसून बोटांनी उकरू लागावे, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तण खाई धन, ही म्हण त्यांना कोणी शिकविलेली नव्हती. आणि भाद्रपदात हीच हरळी दूर्वा होऊन, कोवळ्या तीन पात्यांची, एकवीसच्या जुडीने गणपतीच्या मस्तकी चढे. ती खुडायला आम्हा मुलांना त्याच बांधावर पाठवीत. शेताचा वैरी, देवाचा आवडता, आणि आता कळले की गोल्फच्या मैदानाचा आधार. अमेरिकेत जॉर्जिया संस्थानातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या कृषिशास्त्रज्ञाने गुरांच्या वैरणीसाठी म्हणून हरळीच्या सुधारलेल्या जाती काढल्या. त्याच्याच हातून पुढे आफ्रिकेतील एका भाऊबंद गवताशी तिचा संकर होऊन 1956 साली ग्रीनसाठीची एक बारीक, दाट जात तयार झाली. जिचा समूळ नायनाट करण्यासाठी शेतकरी आयुष्य वेचतो, तीच बांधापलीकडे रोज कापून, पाणी घालून, पहाटे लवचिक बांबूने तिच्यावरचे दव झाडून जपली जाते.

योंकर्सच्या क्लबाचे बिऱ्हाड अखेर 1897 साली हेस्टिंग्जजवळ माउंट होप येथे स्थिरावले: एकशेसाठ एकर जमीन, अठरा होल. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, तेही डन्फर्मलिनचेच, या क्लबाचे सभासद होते. तेथून क्लब हलला नाही. परंतु शहर मागोमाग आलेच. 1980 नंतरच्या दशकात क्लबाने आपल्याच जमिनीचा काही भाग घरांसाठी दिला आणि उरलेल्या मैदानाची प्रसिद्ध गोल्फपटू जॅक निकलॉस यांच्याकडून नव्याने आखणी करून घेतली.

आपल्या देशातील सर्वांत जुन्या क्लबाची हकिकतही याच वाटेने गेलेली आहे. 1829 साली कलकत्त्याजवळ दमदम येथे स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना मानला जातो. 1911 मध्ये त्याला राजाच्या नावाची ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. दमदमहून तो शहराच्या मध्यावरील मैदानावर आला, आणि तेथून दक्षिणेला टॉलीगंजला गेला. तेथे भाताची सखल, पाणथळ जमीन. पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या त्या सपाटीवर उंचवटे करण्यासाठी तळी खणली, त्यांतली माती काढून टी, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागा, आणि ग्रीन उंच केले, आणि ती तळी खेळातले अडथळे म्हणून तशीच ठेवली. बंगालच्या खेड्यात प्रत्येक घर हे असेच बांधले जाते: आधी पुकुर खणावयाचा, त्याच्या मातीने घराचा चौथरा उंच करावयाचा, आणि मग त्याच पुकुरात मासे सोडावयाचे. खेळासाठी काही नवी युक्ती काढावी लागली नाही. भात पिकविणाऱ्यांनी ती आधीच काढून ठेवली होती. क्लबाकडे एके काळी दोन मैदाने होती. देशाची फाळणी झाली, पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे आले, टॉलीगंज परिसरात दाटी झाली, आणि क्लबाच्या हातून गेलेल्या जमिनीवर पुढे एक वसाहत उभी राहिली. आज तेथे घरांच्या ओळी आहेत, मुले शाळेत जातात, संध्याकाळी भाजीवाल्यांच्या गाड्या लागतात. वस्तीचे नाव गोल्फ ग्रीन. तेथे आधी मैदान होते, आणि त्याच्याही आधी भाताची खाचरे.